भिंतीवरचं नाव आणि काउंटरवरचा डबा

माझं सर्टिफिकेट माझ्या तीन वर्षं आधी कामाला लागलं.

लग्न होऊन मी धुळ्याच्या देवपुरातून चोपड्याला आले, तेव्हा पेटीत दोन शालू होते आणि डी.फार्म. झाल्यावर मिळालेलं फार्मासिस्टचं नोंदणी प्रमाणपत्र होतं. शालूंकडे सासरी कुणी वळूनही पाहिलं नाही. प्रमाणपत्राला मात्र महिन्याभरात मागणी आली. बसस्टँडजवळच्या एका औषध दुकानाचे मालक पारसशेठ घरी आले, बिनसाखरेचा चहा प्याले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही फक्त सर्टिफिकेट द्या. दुकान आम्ही सांभाळतो. तुम्हाला उन्हातान्हात यायचं काहीच कारण नाही."

बाहेरच्या माणसाला हे कळणार नाही, म्हणून सांगते. औषधाचं दुकान चालवायचं तर नोंदणी झालेला फार्मासिस्ट लागतो. त्याचं प्रमाणपत्र भिंतीवर लागलं पाहिजे, हा कायदा. औषध देताना तो स्वतः तिथे हजर पाहिजे, हाही त्याच कायद्याचा भाग. पण अर्धा कायदा भिंतीवर टांगायचा आणि उरलेला अर्धा घरी ज्वारीचे पापड, म्हणजे बिबड्या, वाळत घालायला ठेवायचा, अशी बऱ्याच ठिकाणची रीत होती. त्याला आमच्यात 'सर्टिफिकेट लावणं' म्हणत. यात चूक आहे असं सासूबाईंना वाटलं नाही, शाळामास्तर असलेल्या नवऱ्याला वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं नाही. घरबसल्या नोकरदार म्हणवून घेता येत होतं. तीन वर्षं मी अशा उंटावरून शेळ्या हाकल्या, आणि शेळ्या कुठे चालल्या आहेत हे एकदाही वाकून पाहिलं नाही.

मग एका दुपारी भिका आबा दारात उभे राहिले.

मी खरोखरच गच्चीवर बिबड्या घालत होते. ज्वारीच्या पिठाने कोपरापर्यंत हात भरलेले. खालून मान वर करून एक म्हातारे गृहस्थ विचारत होते, "सुनंदाताई तुम्हीच का?" सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात त्यांची केळीची बाग होती. मी खाली आले, तर त्यांनी बंडीच्या खिशातून गोळ्यांच्या पट्टीचा कापलेला तुकडा काढला. दोन घरं, दोन्ही फुटलेली, रिकामी.

"दुकानमा भिंतवर तुमनं नाव शे," ते म्हणाले. "मी वाची लिधं. चौथी शिकेल शे मी. मनी सूनले ही गोळी तुम्ही दिधी?"

सुनेचा घसा दुखत होता. दुकानातून दोन कॅप्सूल नेल्या. पहिली घेतल्यावर खाज आली, दुसरी घेतल्यावर अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास अडकायला लागला. केळीच्या गाडीत घालून तिला डॉक्टरांकडे आणलं. वेळेवर इंजेक्शन मिळालं म्हणून वाचली. आबा भांडायला आले असतील असं मला वाटलं. पण ते भांडायला आले नव्हते.

"डॉक्टर ईचारस, कोणती गोळी? मी काय सांगू ताई? नावच कापाई गयं." त्यांनी तुकडा माझ्यासमोर धरला. नाव पट्टीच्या दुसऱ्या टोकाला छापलेलं, आणि ते टोक दुकानातच राहिलेलं. "तुम्ही नाव सांगा. म्हणजे पुढे कव्हयच तिले देवाव नही."

मला नाव माहीत नव्हतं. कसं असणार? माझ्या नावावर दिलेलं औषध मी पाहिलंही नव्हतं. त्या माणसाने मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते. तो नुसता उत्तराची वाट पाहत उभा राहिला, आणि ते मला फार जड गेलं.

तशीच हात धुवून त्यांच्याबरोबर दुकानात गेले. काउंटरवर नथ्थूभाऊ होते. ज्यांच्यावर पारसशेठ दुकान सोडून निर्धास्त जेवायला जात, ते हे. दहावीला गणितात अडकले आणि तेव्हापासून याच काउंटरमागे उभे होते. कोणत्याही डॉक्टरचं अक्षर चष्मा न लावता वाचायचे. काउंटरला सुतळीने बांधलेली कात्री ते न बघता चालवत आणि पट्टी बरोबर दोन घरांवर कापली जाई. कुठल्या घरात कुणाला दमा, कुणाला मूळव्याध, सगळं तोंडपाठ. आबांना पाहून त्यांनी क्षणात कॅप्सूलचं नाव सांगितलं. पेनिसिलिनच्या घराण्यातलं औषध. काही थोड्या लोकांना ते अजिबात सोसत नाही, आणि अशाला ते पुन्हा दिलं तर जीव जाऊ शकतो.

मी औषधाचं एक रिकामं खोकं फाडलं, पुठ्ठ्यावर सुनेचं नाव लिहिलं, औषधाचं नाव लिहिलं, खाली लिहिलं, 'हिला हे औषध कधीही देऊ नये,' आणि सही केली. फार्मासिस्ट म्हणून माझी ती पहिली सही. आबांनी पुठ्ठा घडी न घालता खिशात ठेवला, वर भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चला," ते म्हणाले, "आते नाव आनि मानूस एकच जागे सापडनं."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी दुकानात हजर झाले. पारसशेठ गडबडले. "ताई, आमच्याकडून काही कमी पडलं का?"

"हो," मी म्हटलं, "खुर्ची."

खुर्ची काही मिळाली नाही. आठवडाभर मी सलाईनच्या बाटल्यांच्या खोक्यावर बसले. नथ्थूभाऊ माझ्याशी अवाक्षर बोलत नव्हते. इतक्या वर्षांच्या माणसावर काल आलेली सून देखरेख करणार म्हटल्यावर कोण बोलेल? नवव्या दिवशी मात्र त्यांनी घरून लोखंडी घडीची खुर्ची सायकलला बांधून आणली आणि माझ्यासमोर उघडून ठेवली. मी खूश होऊन आभार मानायला गेले, तर म्हणाले, "आभार कशाना? खोकं दबाई राहिनं. माल खराब व्हई."

त्या खुर्चीवर मी पुढे चोवीस वर्षं बसले.

आता धंद्याबद्दल थोडं. आमच्याकडे चिठ्ठी घेऊन येणाऱ्यांपेक्षा तोंडी मागणारे जास्त. "घसा धरला, दोन द्या. बरं वाटलं तर अजून नेतो." बरं वाटलं तर कोण कशाला नेईल? आणि नाही वाटलं तर तो समोरच्या दुकानातून दुसऱ्या रंगाच्या दोन नेई. जंतू मारणारी ही औषधं, ज्यांना सगळे ॲन्टिबायोटिक म्हणतात, ती सर्दी-पडशावर चालतच नाहीत. जिथे चालतात, तिथे डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस घ्यावी लागतात. अर्ध्यात सोडली की कच्चे जंतू मरतात, चिवट मागे राहतात, आणि पुढच्या वेळी तीच गोळी खडीसाखरेसारखी चघळली तरी उपयोग होत नाही. आता चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या पट्टीवर लाल रेघ असते, काही औषधांची वेगळी वही ठेवावी लागते, पण कापणाऱ्याच्या कात्रीला रेघ दिसतेच असं नाही.

मी पारसशेठना सांगितलं की चिठ्ठीशिवाय ही औषधं द्यायची नाहीत आणि दोन-दोन कापून तर मुळीच नाहीत. त्यांच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन याच रस्त्यावर किराण्याचं दुकान मांडलं होतं, गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणणं हे त्यांच्या घराण्यात कुणी शिकलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "ताई, एक महिना करून बघू." त्या महिन्यात बरीच माणसं रस्ता ओलांडून समोर गेली. आम्ही काउंटरवरून त्यांच्या पाठी बघत राहिलो. महिना संपला त्या दिवशी मी भीतभीत शेठकडे पाहिलं. ते जपाची माळ ओढत बसले होते. त्यांनी विषय काढला नाही, मीही नाही. तो महिना आजतागायत संपलेला नाही, आणि त्याबद्दल मी पारसशेठची जन्मभर ऋणी आहे.

लोकांना समजावणं हे मात्र माझ्याच्याने होईना. मी कॉलेजात शिकल्यासारखी जंतू, प्रतिकार, मात्रा असं बोलायची. लोक मान डोलवायचे आणि म्हणायचे, "बरं ताई, मग दोनच द्या." नथ्थूभाऊ कोपऱ्यात मिशीतल्या मिशीत हसायचे. एके दिवशी त्यांना राहवलं नाही. एक शेतकरी पाच दिवसांच्या गोळ्यांपैकी दोनच दिवसांच्या मागत होता. नथ्थूभाऊंनी कात्री खाली ठेवली.

"भाऊ, तू वावरमा निंदणीले गया. अर्धं वावर निंदं आनि घर चालना गया. काय व्हई?"

"काय व्हई? गवत वाढी."

"कोणतं गवत वाढी? जे मुळवर घट्ट ते. त्यानंच बी पडी. पुढला साल बठ्ठं वावर त्याच गवतनं. मंग कितली बी मजुरी लाव, निंघाव नही. समजनं?"

"समजनं भाऊ. बठ्ठ्या द्या, पाचही दिवसन्या."

मी आ वासून बघत राहिले. जे मला दोन वर्षं अभ्यासून सांगता आलं नाही, ते या माणसाने एका निंदणीत सांगितलं. त्या दिवसापासून आमची वाटणी ठरली. चिठ्ठी मी तपासायची, निंदणी नथ्थूभाऊंनी करायची. ते माझ्या बाजूला कधी आले हे त्यांनाही कळलं नसेल. कात्रीसुद्धा त्यांनी सुधारली. एखादी पट्टी कापायचीच झाली तर छापलेलं नाव गिऱ्हाइकाकडे गेलं पाहिजे, म्हणून दुकानात उरलेल्या तुकड्यावर ते स्वतः पेनाने नाव आणि मुदत लिहायचे.

तरी एक गोष्ट उरली होती. लोकांच्या घरातल्या जुन्या गोळ्या. एक अक्का होत्या, गल्लीतल्या सगळ्यांच्या अक्का. त्यांच्या घरी बिस्किटांच्या डब्यात रंगीबेरंगी गोळ्यांचा साठा होता. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "वं माय, पाव्हणा उना आनि आजारी पडना तं? घरमा काही नको का?" चिवडा-लाडू ठेवावेत तशा त्यांनी पाहुण्यांसाठी कॅप्सूल ठेवल्या होत्या. त्यात आठ वर्षांपूर्वी वारलेल्या त्यांच्या यजमानांच्याही होत्या.

मला कल्पना सुचली. मी काउंटरवर पत्र्याचा एक मोठा डबा ठेवला आणि त्यावर कागद चिकटवला, 'घरातल्या उरलेल्या गोळ्या इथे टाका. कुणाला देऊ नका, स्वतः घेऊ नका.' मुदत संपलेला माल नष्ट करायला जातो, त्याबरोबर दर महिन्याला हाही पाठवायचा, ते काम नथ्थूभाऊंकडे. डबा चालला. अक्कांनी स्वतः येऊन आपला बिस्किटांचा डबा त्यात पालथा केला. लोक बाजाराच्या पिशवीतून गोळ्या आणून टाकू लागले. एका शाळेने मला त्यावर बोलायला बोलावलं, शाल दिली, नारळ दिला. मी भाषणात म्हटलं, "औषध उरलं की ते विषासारखं जपून काढून टाकायचं." नथ्थूभाऊ पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते.

डबा दर महिन्याला रिकामा होत होता. तो कुठे रिकामा होतो, हे मी एकदाही पाहिलं नाही. ती चूक मी तीन वर्षं घरी बसून केली होती. आता तीच खुर्चीवर बसून केली.

काही वर्षांनी एका सोमवारी नथ्थूभाऊ दुकानात आले ते थरथरतच. लघवीला जळजळ आठवड्यापासून होती, लाजेने कुणाला बोलले नव्हते. दहा वाजता त्यांना एवढी हुडहुडी भरली की काउंटरची काच वाजायला लागली. मी हात लावला तर अंग तव्यासारखं. चोपड्यातल्या डॉक्टरांनी सलाईन, इंजेक्शन सुरू केलं, पण दोन दिवसांत ताप जराही उतरेना. लघवीतला संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता. रक्तदाब खाली जायला लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, धुळ्याला न्या. पारसशेठनी आपली गाडी काढली. नथ्थूभाऊंच्या पत्नी मंदावहिनी मागे त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी पुढे. रस्ताभर वहिनी एकच वाक्य म्हणत होत्या, "ह्यास्ले कव्हय डोकं बी दुखनं नही वो ताई." मला ते खरं वाटलं. नथ्थूभाऊंनी चोवीस तासांची सुट्टी घेतलेली मला आठवत नव्हती.

धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला. "याआधी कोणती ॲन्टिबायोटिक घेतली आहेत?"

मी अगदी ठामपणे सांगितलं, "एकही नाही. ते आमच्याच दुकानात आहेत. मी फार्मासिस्ट आहे."

मंदावहिनी पदर चाळवत हळूच म्हणाल्या, "तशी दुसरी काही नही. तो दुकानना डबामाधल्या लेतस. सर्दी व्हयनी का एक. आंग दुखनं का एक. चांगल्या चांगल्या निवडीसन घर आनतस."

माझा डबा. माझ्या हाताने चिकटवलेला कागद. दर महिन्याला नथ्थूभाऊ तो घरी नेत होते, मुदत न संपलेल्या गोळ्या निवडून ठेवत होते आणि उरलेल्याच तेवढ्या नष्ट करायला पाठवत होते. लोकांनी घेऊ नयेत म्हणून मी जे जे गोळा केलं, ते सगळं एकट्या नथ्थूभाऊंच्या पोटात गेलं होतं. आज ही, उद्या ती, कधी एक, कधी दोन. उभ्या तालुक्याचं अर्धं निंदलेलं वावर त्यांनी स्वतःच्या अंगात करून घेतलं होतं. डॉक्टरबाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. मी त्यांच्या जागी असते तर मला काय म्हटलं असतं, ते मी मनात म्हणून घेतलं.

लघवी तपासणीला गेली. जंतू वाढवून त्यांच्यावर कोणतं औषध चालतं ते पाहतात, त्याला दोन-तीन दिवस लागतात. ते दिवस मी देवपुरात माहेरी राहिले आणि सकाळ-संध्याकाळ पांझरा नदीच्या पुलावरून दवाखान्यात जात-येत होते. नथ्थूभाऊ कधी ओळखत, कधी नाही. एकदा डोळे उघडून म्हणाले, "ताई, डबा भरेल व्हई. पाठवाना राही गया." मी बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकून रडले.

रिपोर्ट आला. डाव्या बाजूला औषधांची नावं, उजव्या बाजूला एकेक इंग्रजी अक्षर. एस म्हणजे चालतं. आर म्हणजे चालत नाही. मी वरून बोट फिरवत आले. आर. आर. आर. आमच्या दुकानातल्या सगळ्या खणांची नावं त्यात होती. ज्यांच्या पट्ट्या नथ्थूभाऊंनी हजारदा हाताळल्या होत्या, त्यातली एकही त्यांच्या कामाची उरली नव्हती. बोट खाली, आणखी खाली. अगदी तळाशी दोन इंजेक्शनांपुढे एस होतं.

"त्या डब्यामुळेच झालं असं छातीठोकपणे नाही सांगता येत," डॉक्टर म्हणाल्या. त्या भल्या होत्या. "पण डब्याने मदत नक्की केली. असो. दोन शिल्लक आहेत. कधी कधी तेवढेही नसतात."

मी देवाला मानणारी आहे, पण त्या दिवशी मी हात जोडले ते त्या दोन अक्षरांना.

इंजेक्शन सुरू झालं. तिसऱ्या दिवशी ताप हटला. चौथ्या दिवशी नथ्थूभाऊ उठून बसले, चहा मागितला, आणि पाचव्या दिवशी मी गेले तर मंदावहिनींनी पिशवी भरून ठेवलेली.

"ताप उतरना ताई," नथ्थूभाऊ खाली बघत म्हणाले. "आंग हलकं वाटस. डॉक्टर चौदा दिवस सांगस. कशाले इतलं? आते घर जाऊ द्या."

मी स्टूल ओढून बसले. "नथ्थूभाऊ, अर्धं वावर निंदून घरी चाललात?"

ते हसतील असं मला वाटलं होतं. त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. वहिनींनी गुपचूप पिशवी रिकामी करायला घेतली.

मग मी विचारलं. विचारायचंच होतं. "मला एक सांगा. त्या गोळ्या तुम्ही कुणाला दिल्या का?"

"नही ताई! आईनी आन!" त्यांना खरोखर धक्का बसला. "दुसराले कशी देऊ? तुमनं नाव भिंतवर शे."

"मग स्वतः का घेतल्या?"

"चांगली गोळी टाकाले हात उठे नही. कोनी तरी कष्टमा लेयेल व्हई." मग अगदी साधेपणाने म्हणाले, "आनि मना आंगवर कोठे तुमनं सर्टिफिकेट लावेल शे?"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. रोज सकाळी मी ज्याच्या शेजारी बसत होते, तो एक माणूस माझ्या हिशेबात गिऱ्हाईक नव्हताच. त्याला मी कधी विचारलं नाही की नथ्थूभाऊ, तुम्हाला सर्दी झाली तर तुम्ही काय घेता? हे मला आजही टोचतं.

चौदाच्या चौदा दिवस झाले. मंदावहिनींनी पद्मालयाच्या गणपतीला नवस बोलला होता, तो फेडायला जाणंही अकराव्या दिवशी चतुर्थी असताना नथ्थूभाऊंनी पुढे ढकललं. म्हणाले, "गणपती थांबी जाई. डोस थांबाव नही."

परत आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते डब्याचं. पत्रेवाल्याकडे नेऊन झाकण डाग देऊन बंद केलं, वर गोळी जाईल एवढीच चीर ठेवली आणि दर महिन्याला माझ्यासमोर, माझ्या सहीने तो रवाना होऊ लागला. दुसरं, आपल्या रिपोर्टची झेरॉक्स त्यांनी काउंटरच्या काचेखाली लावली. मी म्हटलं, अहो, हे खाजगी असतं. त्यांनी ऐकलं नाही. कुणी दोन गोळ्यांसाठी हटून बसलं की त्या कागदावर कात्रीचं टोक टेकवायचे. "वाच. आर म्हणजे गयं. हे बठ्ठं गयं. हाई नाव कोनं शे वरे? मनं." त्यावर हुज्जत घातलेला माणूस मला तरी आठवत नाही. समोर गेलेली कितीतरी माणसं त्यानंतर परत आली. भिका आबांची सून तर लेकीला घेऊन आली. तो पुठ्ठा तिने प्लास्टिकमध्ये घालून ठेवलेला होता आणि औषध घेताना आधी तोच काउंटरवर ठेवायची.

यंदा गुडघ्यांनी उठबस होईना, म्हणून मी काम सोडलं आणि आम्ही दोघं नवरा-बायको देवपुरात राहायला आलो. माझं प्रमाणपत्र भिंतीवरून उतरलं. पारसशेठनी नवीन फार्मासिस्ट शोधली, लग्न होऊन नुकतीच चोपड्यात आलेली एक मुलगी. तिचे सासरे प्रमाणपत्राची चौकट पिशवीत घालून दुकानात आले आणि शेठना म्हणाले, "सूनबाईंना यायची गरज नाही ना?" शेठ आता ऐंशीच्या घरात आहेत. ते म्हणाले, "बघू." मला हे फोनवर कळलं आणि जेवण जाईना. चोवीस वर्षं बसून मी काय कमावलं, तर भिंतीवर एक मोकळा खिळा, असं वाटलं. पण सोडून आलेल्या दुकानात नाक खुपसू नये, म्हणून गप्प राहिले.

चार दिवसांनी सकाळी नथ्थूभाऊंचा फोन आला. तब्येत कशी, गुडघे कसे, असं इकडचं-तिकडचं बोलले. त्यांना मुद्द्यावर यायला नेहमी वेळ लागतो.

"ताई, मी त्या पोरना घर जाई उनू," शेवटी म्हणाले. "मी तिना सासराले सांगं, चौकट लावी दिधी. आते पोर धाडा. ती बसत नही तोवर लाल रेघनी एक पट्टी मी काढाव नही, शेठ सांगो का कोनी बी सांगो. मंग पोरले ईचारं, बेटा, तुनं नाव दुकानमा ई गयं. तू कव्हय येशी?"

"मग?"

"तिनी ईचारं, काका, तठे बसाले जागा शे का?"

मला दुकानातला आवाज ऐकू येत होता. कुणीतरी खोकलं. लोखंडी खुर्ची उघडताना तिची बिजागरी जशी कुरकुरते तशी कुरकुरली. तो आवाज मी कुठेही ओळखेन. नथ्थूभाऊंनी फोन तोंडाजवळ घेतला आणि आवाज खाली आणला.

"उनी ताई. बसनी."

मी म्हटलं, "तिला म्हणावं, डबा दर महिन्याला स्वतः बघ. आणि तुम्हाला सर्दी झाली की काय घेता, तेही विचार."

"ईचारं तिनी," नथ्थूभाऊ म्हणाले. "आल्या आल्या काचखालना कागद वाचा आनि पहिलं तेच ईचारं."